वाचकांचे प्रश्न : रुग्णालयातील चॅप्लन

प्रश्न : माझे सासरे न्यू जर्सीला मुलाकडे गेले असताना हृदयविकाराच्या झटक्यामुळे तेथील रुग्णालयात दाखल होते. दुसऱ्या दिवशी ‘मी इथली चॅप्लन’ अशी ओळख सांगत एक बाई खोलीत आल्या. त्या धर्मप्रचारासाठी आल्या असाव्यात असे वाटून दिरांनी त्यांना दारातूनच परत पाठवले. सासरे आता बरे आहेत, पण ‘त्यांना बसू द्यायला हवे होते’ असे ते अधूनमधून म्हणतात. ही माणसे नेमके काय करतात? आपल्यासारख्यांना त्यांचा काय उपयोग?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : परक्या देशात, आजारपणात अडकलेल्या माणसाच्या असहायतेचा कोणी फायदा घेऊ नये, ही तुमच्या दिरांची काळजी रास्त होती. चॅप्लन म्हणजे रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना मानसिक व आध्यात्मिक आधार देणारा माणूस, आणि हीच काळजी चॅप्लनांच्या व्यवसायानेही वाहिलेली आहे. अमेरिकेतील चॅप्लनांच्या प्रमुख संघटनांनी २००४ साली एक सामाईक आचारसंहिता स्वीकारली आणि तिच्यानुसार स्वतःची धर्ममते किंवा उपासनापद्धती रुग्णावर लादण्याची त्यांना मनाई आहे. मोठ्या रुग्णालयांत चॅप्लन हा सहसा डॉक्टर आणि परिचारिकांच्या बरोबरीने काम करणारा कर्मचारीच असतो. तो स्वतः ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम, हिंदू, बौद्ध किंवा कोणताही धर्म न मानणारा असू शकतो, आणि रुग्णाने ‘नको’ म्हटले तर त्याने निघून जायचे असते. नकाराचा उपचारांवर काही परिणाम होत नाही आणि नंतर विचार बदलला तर त्याला पुन्हा बोलावताही येते.

या व्यवसायाला आजचे रूप कसे आले, ते थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. अँटन बॉइसन हे अमेरिकन धर्मोपदेशक १९२० साली तीव्र मानसिक आजाराने कोसळले आणि वर्षाहून अधिक काळ मॅसॅच्युसेट्समधील मनोरुग्णालयात राहिले. त्या वास्तव्यात त्यांना जाणवले, की डॉक्टरांना मनातील धार्मिक उलथापालथ कळत नाही आणि धर्मोपदेशकांना आजार कळत नाही, त्यामुळे रुग्ण या दोघांच्या मध्येच एकटा पडतो. बरे झाल्यावर १९२४ साली ते वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लन झाले आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी धर्मशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांना तेथे आणले. या विद्यार्थ्यांनी वॉर्डात सेवक म्हणून राबावे आणि धर्मग्रंथ ज्या एकाग्रतेने वाचतो त्याच एकाग्रतेने समोरचा माणूस वाचायला शिकावे, अशी त्यांची अपेक्षा होती. स्वतः रुग्णशय्येवर पडलेल्या माणसाने ही पद्धत घातली, हे मला फार मोलाचे वाटते.

आजचे प्रशिक्षण त्याच पायावर उभे आहे. त्याचे एक सत्र किमान ४०० तासांचे असते आणि पूर्ण व्यावसायिक मान्यतेसाठी पदव्युत्तर शिक्षणाबरोबर अशी चार सत्रे साधारणपणे लागतात. विद्यार्थी रुग्णाशी झालेले संभाषण आठवून शब्दशः लिहितो आणि ते सहाध्यायी व मार्गदर्शकांसमोर वाचले जाते. रुग्ण म्हणाला, ‘आता घरी जाऊन तरी काय करायचे,’ आणि विद्यार्थ्याने घाईने ‘असे म्हणू नका, तुम्ही बरे व्हाल’ असे उत्तर दिले, तर त्या ठिकाणी वाचन थांबते. रुग्ण काय सांगू पाहत होता आणि ते ऐकणे विद्यार्थ्याला का जड गेले, यावर मग बराच वेळ चर्चा चालते.

तुमच्या सासऱ्यांकडे त्या बाई बसल्या असत्या, तर बहुधा त्यांनी ‘बसू का?’ असे विचारून खुर्ची खाटेजवळ ओढली असती आणि अशा कठीण वेळी तुम्हाला बळ कशातून मिळते, असे काहीसे विचारले असते. याचे उत्तर ‘विठ्ठल’ असू शकते, ‘नातवंडे’ असू शकते, ‘मी देव मानत नाही’ असेही असू शकते. त्यांतले कोणतेही उत्तर बदलणे हे चॅप्लनचे काम नाही. भाषेची अडचण असेल, तर दूरध्वनीवरून मराठी दुभाषा जोडून द्यावा, असे परिचारिकेला सांगावे. ही सोय रुग्णाला मोफत मागता येते. मुलासमोर वडील मरणाची भीती बोलून दाखवत नाहीत आणि मुलगाच भाषांतर करत असेल, तर ती कधीच बाहेर येत नाही.

उपयोगाचे म्हणाल, तर आपल्या घरांना चॅप्लनची खरी मदत होते ती शेवटच्या काळात. अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या मुखी गंगाजल आणि तुळशीपत्र घालायचे असते, पण त्याला गिळता येत नसल्याने परिचारिका नाही म्हणते. अशा वेळी ओल्या बोळ्याने ओठांना गंगाजल लावावे आणि तुळशीपत्र ओठांवर टेकवावे, एवढी वाट चॅप्लन तिच्याशी बोलून काढू शकतो. ऑक्सिजन चालू असताना निरांजन लावता येत नाही, त्याऐवजी विजेचा दिवा आणि उशाशी हळू आवाजात विष्णुसहस्रनाम चालते. मंगळसूत्र किंवा जानवे विचारल्याशिवाय कापू नये, प्राण गेल्यावर कुटुंबाला थोडा वेळ द्यावा, अंगाला कोणी हात लावावा, या गोष्टी त्याने आधीच विचारून रुग्णाच्या कागदपत्रांत नोंदवल्या, तर रात्री तीन वाजता धावपळ होत नाही. म्हणून आईवडिलांना परदेशी बोलावणाऱ्या मुलांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की रुग्णालयात दाखल करतानाच चॅप्लनची भेट मागून घ्या आणि आपल्या घरची रीत त्यांना सांगून ठेवा.

प्रश्न : आपल्याकडे अशी सोय आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मिशनच्या रुग्णालयांत आहे, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तर चॅप्लनांचा स्वतंत्र विभाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार परिहार सेवेत, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांत, शारीरिक आणि मानसिक दुःखाबरोबर आध्यात्मिक दुःखही येते, त्यामुळे १९८६ साली वांद्र्याला सुरू झालेल्या शांती अवेदना सदनासारख्या संस्थांत हे काम शुश्रूषेचाच भाग असते. आपल्या सरकारी रुग्णालयांत मात्र चॅप्लनचे पद नसते आणि भार पडतो तो वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांवर, ज्यांचा दिवस आधीच योजनांचे अर्ज आणि निधीची जुळवाजुळव यांत जातो. या पदांची संख्या वाढावी आणि त्यांच्या प्रशिक्षणात रुग्णाचे ऐकून घेण्याचा भाग यावा, असे मला कळकळीने वाटते.

प्रश्न : मी परिचारिका आहे. कर्करोगाचे रुग्ण रात्री विचारतात, ‘माझ्याच वाट्याला का आले?’ मी काय उत्तर द्यावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : उत्तर देऊ नका. ‘प्रारब्ध’ किंवा ‘मागच्या जन्मीचे काहीतरी’ असे तर कधीही म्हणू नका, कारण सांत्वनासाठी उच्चारलेला हा शब्द वेदनेत असलेल्या माणसाला आपण गुन्हेगार असल्यासारखा ऐकू येतो. रुग्णाने स्वतःच तसे म्हटले, तर त्याच्याशी वाद घालण्याचेही कारण नाही. ‘असे कधीपासून वाटते?’ एवढे विचारावे आणि तो बोलेल तेवढे ऐकावे. हा प्रश्न विचारणाऱ्याला पुष्कळदा माहिती नको असते, सोबत हवी असते. तुमच्या हाती पाचच मिनिटे असतील, तर उभ्याने न बोलता ती पाच मिनिटे बसा आणि परत येणार असाल तरच ‘परत येते’ म्हणा. वेदना वाढल्या की हा प्रश्नही तीव्र होतो, म्हणून वेदनाशामकाची वेळ टळली नाही ना, ते आधी पाहा. सकाळी पाळी बदलताना रुग्णाच्या संमतीने ही गोष्ट पुढच्या परिचारिकेच्या आणि समाजसेवा अधीक्षकांच्या कानावर घाला.