पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये १ कोटी रोंच्या (ओळींच्या) टेबलाला आणि त्याच्या इंडेक्सना किती जागा धरावी?

तुम्ही कॉलमच्या साइझची बेरीज केलीत (बिगइंट आयडी ८, टाइमस्टँप ८, इंट ४, बूलियन १, नाव सरासरी ४०, एकूण ६१ बाइट), तिला १ कोटीने गुणलंत आणि ५८२ एमबी काढलेत. टेबल तेवढ्यात बसणार नाही, आणि इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या वेगळ्या याद्या) तर तुम्ही धरलेलेच नाहीत.

हिशेब पेजवरून करा, म्हणजे पोस्टग्रेस डिस्कवर ज्या ठरावीक साइझच्या तुकड्यांत डेटा ठेवतं त्यांवरून. प्रत्येक रोला २४ बाइटचा हेडर (पोस्टग्रेसची स्वतःची नोंद) असतो, नावाच्या मजकुराला वर १ बाइट लागतो. झाले ८६. ते ८ च्या पटीत नेले की ८८, पेजमधला ४ बाइटचा पॉइंटर धरून ९२. पेज ८१९२ बाइटचं, त्यातले २४ त्याचे स्वतःचे. म्हणजे एका पेजवर ८८ रो, एकूण १,१३,६३७ पेजेस, ८८८ एमबी.

कॉलमचा क्रमही बघा. बूलियन, बिगइंट, इंट, टाइमस्टँप असा लावलात तर मधल्या रिकाम्या बाइटांमुळे हेच टेबल १,०४२ एमबीवर जातं. ८ बाइटचे कॉलम आधी, मग ४ चा, मग १ चा आणि नाव शेवटी ठेवलं की ही जागा फुकट वाचते.

बी-ट्री (पोस्टग्रेसचा नेहमीचा प्रकार) इंडेक्सची पेजेस डीफॉल्टने ९० टक्केच भरतात. आयडीची एक नोंद २० बाइटची, एका पेजवर ३६६, म्हणून २१४ एमबी. नावावरचा इंडेक्स साधारण ६४० एमबी. टेबलासह झाले १,७४२, म्हणजे तुमच्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट! शिवाय नावं वेड्यावाकड्या क्रमाने येत राहिली की भरलेली पेजेस दुभंगून अर्धी रिकामी होतात आणि तो इंडेक्स याहून फुगतो.

आता मी स्वतः खाल्लेली ठेच. टेस्ट डेटा रोमनमध्ये होता, खरी नावं देवनागरीत आली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. नुसता 'मराठी' शब्द १५ बाइट. तुमची ४० ही अक्षरं असतील आणि नावं देवनागरीत असतील, तर टेबल १,६६२ एमबी आणि नावाचा इंडेक्स साधारण १,५०० एमबी धरा. माझी डिस्क तर इंडेक्स बनतानाच भरली होती.

म्हणून कागदावरचं गणित झालं की खऱ्यासारख्या १ लाख रो भरा, इंडेक्स बनवा, 'पीजी_टोटल_रिलेशन_साइझ' (टेबल आणि इंडेक्स मिळून साइझ सांगणारं फंक्शन) चालवा आणि १०० ने गुणा. दहा-वीस रोंवर मोजू नका, काहीच कळत नाही.

 

वर मोकळी जागाही सोडा. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे नवी रो. जुनी व्हॅक्यूम (साफसफाई) होईपर्यंत तिथेच पडून राहते, आणि ऑटोव्हॅक्यूम डीफॉल्टने साधारण २० टक्के रो मेल्यावर जागं होतं. 'व्हॅक्यूम फुल' तर अख्खं टेबल नव्याने लिहितं, तेव्हा जुनी आणि नवी प्रत एकाच वेळी डिस्कवर असतात.

रोज किती रो अपडेट होतात ते सांगितलंत तर मोकळ्या जागेचा आकडाही काढून देतो.