इंग्लंडमधील मॅनेजमेंटची पदवी आणि नोकरीचा आकडा

तुम्ही मूळच्या निपाणीच्या, बी.कॉम. झालेल्या, आणि दोन वर्षे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीचे, म्हणजे ओतकाम कारखान्याचे, हिशेब पाहता. इंग्लंडमध्ये एका वर्षाचे मॅनेजमेंटचे एमएस्सी करावे का, असे तुम्ही विचारले आहे. पंधरा महिन्यांत बहुतेक पदवीधर नोकरीला लागल्याचे विद्यापीठाच्या माहितीपत्रकात वाचून वडील शेत तारण ठेवायला तयार झाले, हे वाचल्यावर मला सविस्तर लिहावेसे वाटले.

ब्रिटनमध्ये अभ्यासक्रम संपल्यावर साधारण १५ महिन्यांनी पदवीधरांचे ‘ग्रॅज्युएट आउटकम्स’ सर्वेक्षण होते आणि त्यात अर्धवेळ कामही नोकरीतच धरले जाते. मी ते भरले तेव्हा एमबीए होऊन लेस्टरजवळच्या एका गोदामात रात्रपाळीला खोकी उचलत होतो. कागदोपत्री मी नोकरीत होतो, आणि त्यात खोटे काहीच नव्हते. म्हणून किती जण पदवीच्या तोलाच्या कामात आहेत, तेही परदेशी विद्यार्थ्यांपुरते वेगळे काढून, असे विद्यापीठाला लेखी विचारा. ज्याला व्हिसाच लागत नाही अशा इथल्या मुलाबरोबर काढलेली सरासरी तुमच्या कामाची नाही.

खरी अडचण व्हिसाची आहे. शिक्षणानंतर राहण्याची मुदत सध्या दोन वर्षांची असली, तरी १ जानेवारी २०२७ पासून त्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्या एमएस्सीसारख्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ती १८ महिन्यांचीच मिळेल. त्यानंतरही राहायचे तर परदेशी माणसे नेमण्याचा सरकारी परवाना असलेल्या मालकाने तुम्हाला पदवीच्या पातळीच्या पदावर घ्यावे लागते. जुलै २०२५ पासून त्यासाठीची सर्वसाधारण पगारमर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नव्या पदवीधरांना ती ३३,४०० पौंडांपर्यंत शिथिल होते, मात्र त्या पदासाठी सरकारने ठरवलेला, तुम्हाला लागू होणारा पगाराचा दर जास्त असेल तर तोच धरतात. नुसत्या मॅनेजमेंटच्या पदवीवर सुरुवातीला एवढा पगार देणारी जागा मिळणे अवघड जाते.

कर्जाचेही गणित मांडा. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या नमुना योजनेत अभ्यासक्रमाचा काळ आणि पुढे एक वर्ष हप्त्यांना सवलत असते, म्हणजे सर्वेक्षणवाले पंधराव्या महिन्यात विचारायला येतात त्याआधीच तुमचा हप्ता सुरू झालेला असतो.

मला गोदामातून बाहेर काढले ते एमबीएने नव्हे. खानापूरहून रोज उद्यमबागेत ये-जा करताना मी ओतकामाच्या प्रत्येक नगाचा खर्च काढायला शिकलो होतो, आणि बर्मिंगहॅमकडच्या एका लहान ओतकाम कारखान्याला नेमके तेच येणारा माणूस हवा होता. तुमच्या हातातही तेच काम आहे. यायचेच असेल तर मॅनेजमेंटऐवजी अकाउंटिंगचा, आणि ज्यातून लेखापालांच्या व्यावसायिक परीक्षांच्या काही पेपरांत सूट मिळते असा अभ्यासक्रम शोधा, आणि विद्यापीठाचे लेखी उत्तर हाती येईपर्यंत वडिलांना शेताचा उतारा बँकेत देऊ देऊ नका.