नेपाळी राखणदाराची तक्रार पोलीस घेतील का?

प्रश्न: रत्नागिरीजवळ आमची हापूसची बाग आहे. नेपाळी राखणदाराचा मोबाईल आणि 12,000 रुपये चोरीला गेले, पण मराठी धड येत नाही, आधारपण नाही, म्हणून पोलिसांत जायला घाबरतो.

उत्तर: दादा, तुम्ही स्वतः त्याच्यासोबत जा. एवढ्या रकमेची चोरी दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना तो नोंदवावाच लागतो, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार तोंडी सांगितलं तरी पोलिसांनी लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं, एफआयआरची कॉपी फुकट द्यायची, मग माणूस कुठल्याही देशाचा असो. बंदरावर नेपाळी खलाशी असतात, त्यातला मराठी बोलणारा कोणी बरोबर घ्या, कारण अर्धवट समजलेल्या जबाबावर सही केली की केसच बिघडते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नाहीच घेतली तक्रार, तर एसपींना (जिल्हा पोलीस अधीक्षकांना) लेखी पाठवा.