पायक्यूटीत टूलबार लावताना आधी अ‍ॅक्शन बनव

अरे थांब, पायक्यूटीत (पायथॉनमधे विंडोवाले प्रोग्रॅम बनवायची लायब्ररी) टूलबारवर सुटी सुटी बटणं टाकत बसू नकोस. आधी क्यूअ‍ॅक्शन (एका कमांडचा ऑब्जेक्ट) बनव, म्हणजे 'सेव्ह' ही एकच अ‍ॅक्शन, तिलाच आयकॉन, शॉर्टकट, टूलटिप सगळं दे आणि तीच मेनूतही टाक नि टूलबारवरही टाक, मग फाईल उघडलेली नसताना ती एकदा डिसेबल केली की दोन्हीकडे आपोआप फिकी पडते, वेगळा कोड लागत नाही. हे नाही केलंस तर मेनूतलं सेव्ह चालू आणि टूलबारवरचं बंद असला घोळ होणारच.

बाय द वे, जुने ट्यूटोरियल बघून करत असशील तर क्यूअ‍ॅक्शन क्यूटी ६ मधे (पायक्यूटी ज्यावर चालतं त्या क्यूटीची सहावी आवृत्ती) क्यूटीविजेट्स मॉड्यूलमधून क्यूटीजीयूआय मॉड्यूलमधे गेलंय, इम्पोर्ट एरर येतो तो त्यामुळेच. आणि टूलबार जोडणारं अ‍ॅडटूलबार हे फंक्शन फक्त क्यूमेनविंडोला (मुख्य विंडोचा क्लास) असतं, साध्या विजेटवर शोधू नकोस.

टूलबार बनवताना त्याला टायटल दे, नाहीतर राइट क्लिकच्या मेनूत त्याच्या नावाची जागा रिकामी दिसते. ऑब्जेक्टनेमही (कोडमधलं आतलं नाव) दे, कारण युजरने टूलबार ओढून डावीकडे नेला आणि तुला पुढच्या वेळी तो तिथेच हवा असेल तर सेव्हस्टेट (विंडोची मांडणी साठवणारं फंक्शन) टूलबार त्या नावावरूनच ओळखतं.

आयकॉन दिसत नसतील तर बहुतेक पाथची भानगड, रिलेटिव्ह पाथ चालू फोल्डरवरून धरला जातो ना. बटणं मात्र मोजकीच ठेव, सगळा मेनू वर कशाला मांडायचा.