आधी ठिणगी बघ, मग कार्बोरेटरला हात लाव

बाईक चालू होत नाही आणि किक मारून पाय दुखला की नवखा माणूस आधी कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) खोलतो. तू तसं करू नकोस. स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा) काढ आणि त्याचं टोक बघ. पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय, बहुतेक ठिणगीत गडबड आहे. कोरडं असेल तर पेट्रोलच वर येत नाहीये.

ठिणगी बघताना प्लग त्याच्या वायरच्या टोकाच्या कॅपमध्ये बसव, त्याची धातूची बाजू इंजिनच्या हेडला (वरच्या भागाला) टेकव, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. किक मारल्यावर निळी, ठसठशीत ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर नवा प्लग लावून बघ. पावसाळ्यात बऱ्याचदा कॅपमध्येच पाणी असतं. गाडी तापल्यावर बंद पडते आणि गार झाली की चालू होते? मग इग्निशन कॉइल (प्लगला जास्त दाबाची वीज देणारी), पल्सर कॉइल (ठिणगीच्या वेळेचा इशारा देणारी) किंवा सीडीआयवर (ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यावर) संशय घे.

चोकवर चालते, चोक काढला की बंद, हे मात्र बहुतेक वेळा पायलट जेट (कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा पितळी तुकडा, कमी वेगात पेट्रोल देणारा) तुंबल्याचं लक्षण. आधी फ्लोट बाऊलचा (कार्बोरेटरच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीचा) ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घे. तळाशी पाण्याचे थेंब वेगळे दिसले तर टाकीही साफ करावी लागेल. जेटमध्ये तार कधीही घालू नकोस! पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल प्यायला लागते. कार्ब क्लीनर मार, कॉम्प्रेसरची हवा दे. एअर स्क्रू (कार्बोरेटरवरचा, हवेचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरव आणि किती फेरे झाले ते लिहून ठेव.