रेणुसूत्रे पाठ होत नाहीत, म्हणजे स्मरणशक्ती कमी आहे का?

नववीची पहिली चाचणी झाली की माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या तक्रारींमध्ये एक तक्रार हमखास असते. मूल रासायनिक सूत्रे मन लावून पाठ करते, आदल्या रात्री घडाघडा म्हणून दाखवते आणि उत्तरपत्रिकेत मात्र चुकीची लिहून येते. यावरून स्मरणशक्ती कमी असल्याचा निष्कर्ष घरातच काढलेला असतो आणि अकरावीला विज्ञान शाखा घ्यावी की नाही, हा प्रश्न दोन वर्षे आधीच दारात उभा राहतो.

अशाच एका विद्यार्थिनीविषयी येथे लिहीत आहे. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिची आई म्हणाली, "मॅडम, हिला इतिहासातल्या सनावळ्या पाठ होतात, कविता पाठ होतात, मग हेच का राहत नाही?" त्या प्रश्नातच निम्मे उत्तर होते. सनावळ्या लक्षात ठेवणारी स्मरणशक्ती रसायनशास्त्राच्या तासालाच दगा देईल, हे मला पटण्यासारखे नव्हते. तरीही वाचन, शुद्धलेखन आणि गणितातील अंक यांमध्ये उलटापालट होते का, हे मी आधी तपासले, कारण तशी चिन्हे सर्व विषयांत दिसली तर अध्ययन अक्षमतेची रीतसर चाचणी करून घ्यावी लागते. येथे तसे काही आढळले नाही. मुलगी मात्र खाली मान घालून, "मी ढच आहे केमिस्ट्रीत," एवढेच म्हणत होती.

मी तिला गुणपत्रक न आणता तपासलेल्या उत्तरपत्रिका आणायला सांगितले. समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे चुका कोठे झाल्या आहेत यापेक्षा त्या कशा झाल्या आहेत हे पाहण्याची सवय लागलेली आहे. सोडियम क्लोराइड, कॅल्शियम क्लोराइड आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड ही सूत्रे तिने बिनचूक लिहिली होती. कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड या दोन्हींसाठी मात्र एकच सूत्र होते, एक कार्बन आणि दोन ऑक्सिजन. फॉस्फरस पेंटाक्लोराइडमध्ये पाचऐवजी तीन क्लोरीन होते, तर डायनायट्रोजन पेंटॉक्साइडमध्ये पाचऐवजी तीन ऑक्सिजन. विसराळू मुलाच्या चुका सहसा अशा एका रांगेत उभ्या राहत नाहीत. कार्बनची संयुजा (इतर अणूंशी जोडले जाण्याची क्षमता) चार, नायट्रोजनची तीन, फॉस्फरसची तीन, हे तिने चोख पाठ केले होते आणि संयुजांचा तिरकस गुणाकार करण्याची, म्हणजे एका मूलद्रव्याची संयुजा दुसऱ्याच्या अणूंची संख्या म्हणून लिहिण्याची, रीत ती प्रत्येक संयुगाला प्रामाणिकपणे लावत होती. तिच्या चुका नियम विसरल्यामुळे नव्हे, तर तो नियम त्याच्या हद्दीबाहेर पाळल्यामुळे होत होत्या.

म्हणून आम्ही पाठांतर काही काळ बाजूला ठेवले. संयुगाचे नाव वाचल्यावर पेन टेकवण्याआधी तिने स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, तो म्हणजे यात धातू आहे का. धातू असेल, किंवा अमोनियम असेल, तर शाळेत भेटणारी बहुतेक संयुगे आयनिक, म्हणजे प्रभारित कणांची (आयनांची) बनलेली, असतात; तेथे नाव अणूंची संख्या सांगत नाही आणि ती आयनांच्या प्रभारांवरून काढावी लागते, म्हणून तिरकस गुणाकार उपयोगी पडतो. दोन्ही मूलद्रव्ये अधातू असतील तर संयुग सहसंयुज, म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन बनलेले, असते आणि मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा ही उपपदे संख्या उघडपणे सांगतात. तेथे गुणाकार करायचाच नसतो, नाव वाचून अंक लिहायचे असतात. पहिल्या मूलद्रव्याचा एकच अणू असेल तर त्याच्या आधी मोनो लावत नाहीत, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. पाणी आणि अमोनिया यांची रूढ नावे वेगळी लक्षात ठेवावी लागतात, पण ती कोणाला जड जात नाहीत.

खरी अडचण पुढे आली. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये दोनास दोन आले की ते एकास एक करायचे, मग हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दोनास दोन तसेच का ठेवायचे, असे तिने विचारले. हा प्रश्न विचारणारी मुलगी ढ नसते, हे मी तिला तिथल्या तिथे सांगितले. आयनिक संयुगात सुटा रेणू नसतो. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, त्यामुळे सूत्र केवळ सर्वांत लहान प्रमाण दाखवते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा रेणू मात्र खरोखरच चार अणूंचा असतो. नायट्रोजन डायऑक्साइड हा तपकिरी वायू आहे आणि डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड रंगहीन आहे. दुसऱ्याचे सूत्र दोनाने भागले तर पदार्थच बदलतो. हे समजल्यानंतर तिने तिरकस गुणाकार सरसकट लावणे सोडले.

लोहाच्या संयुगांनी पुन्हा थोडा गोंधळ घातला. फेरस आणि फेरिक या जुन्या नावांऐवजी कंसात रोमन अंक लिहिण्याची पद्धत आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1919 मध्ये सुचवली, आणि तो अंक लोहाचा प्रभार सांगतो, अणूंची संख्या नव्हे. आयर्न तीन ऑक्साइडमध्ये योगायोगाने ऑक्सिजनही तीन असतात, म्हणून मुले फसतात. आयर्न दोन ऑक्साइडच्या सूत्रात दोन हा अंक कोठेच नसतो.

पालकांशी मी स्वतंत्रपणे बोलले. वडील रोज जेवताना सूत्रे विचारत असत आणि चुकले की ताटावरच चर्चा सुरू होत असे. ते थांबवायला सांगितले. स्मरणशक्तीचे सिरपही बंद करायला हरकत नाही, असे सुचवले. डाल्टनसारखा शास्त्रज्ञ पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा एकेकच अणू धरत होता आणि सूत्रांवरील मतभेद मिटवण्यासाठी 1860 मध्ये कार्ल्सरूह येथे युरोपभरच्या रसायनशास्त्रज्ञांना एकत्र बसावे लागले, हे ऐकून वडील हसले आणि बोलणे जरा मोकळे झाले.

पुढच्या चाचणीत चमत्कार झाला नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा कंस तिने या वेळी लिहिला, सहसंयुज संयुगे सगळी बरोबर आली. सल्फाइट आणि सल्फेट मात्र पुन्हा अदलाबदल झाले. संमिश्र मूलकांची, म्हणजे एकाहून अधिक अणूंच्या प्रभारित गटांची, यादी पाठच करावी लागते, त्याला आडवाट नाही. फक्त ती रोज दोन-तीन मूलके लिहून करावी, रात्रभर जागून नव्हे. शाखेच्या प्रश्नावर मी आई-वडिलांना इतकेच सांगितले की हा निर्णय एका प्रकरणातील गुणांवर ठरवू नये आणि दहावीच्या उत्तरार्धापर्यंत तो घरात काढूही नये.