पायाच्या अंगठ्याच्या बाजूला आलेलं हाड पट्टा लावून आत जातं का?

नाही जात. तुम्ही लिहिलंय की आईंचा (वय ५८) अंगठा शेजारच्या बोटावर कलतोय, बाजूला गाठ आलीय आणि रात्री बांधायचा पट्टा मागवावा का. मी डॉक्टर नाही. पण माझे दोन्ही पाय असेच. उजव्याचं ऑपरेशन झालंय, डावा तसाच ठेवलाय.

ते हाड वाढलेलं नसतं. माझ्या सासूबाई ते तेल चोळून जिरवायच्या मागे होत्या! अंगठ्यामागचं पंजातलं लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेला सरकतं, अंगठा उलट, शेजारच्या बोटाकडे झुकतो आणि मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो. पट्टा बांधला की बोट सरळ दिसतं. काढून स्वयंपाकघरापर्यंत गेलं की पुन्हा मूळपदावर. आठ महिने इमानेइतबारे बांधून सांगतेय. बोटांमध्ये घालायचा सिलिकॉनचा तुकडा मात्र घासणं कमी करतो, तेवढा घ्या.

पैसे चपलेवर घाला. आईंना कागदावर उभं करून पावलाभोवती पेन्सिल फिरवा आणि त्यावर त्यांची रोजची चप्पल ठेवा. रेघ बाहेर डोकावली तर दुखणं तिथेच आहे. खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. कोल्हापुरी उघडी म्हणून बरी वाटते, पण तिचा चामडी अंगठा नेमका नको तिथे काचतो. मला ती सोडवत नव्हती, हेही खरं.

दुसऱ्या बोटाकडेही बघा. माझं जोडवं निघेना, तेव्हा कळलं की अंगठ्याने रेटून ते बोट वर उचललं गेलंय आणि चवड्याखाली घट्टा पडलाय.

ऑपरेशन दिसण्यासाठी करू नये. रुंद चपला घालूनही चालणं दुखत असेल तरच अस्थिरोगतज्ज्ञांकडे तो विषय काढा. एक्स-रे उभं राहूनच काढायचा, झोपून काढला तर वाकडेपणा कमी दिसतो. अंगठा आणि त्यामागचं लांब हाड यांच्यातला कोन १५ अंशांच्या आत असला तर ठीक, ४०च्या पुढे गेला तर जास्त समजतात. नुसती गाठ तासून सहसा भागत नाही. हाड कापून, सरकवून स्क्रूने बसवतात. सांधाच झिजला असेल तर तो कायमचा जोडून टाकतात. मला सहा आठवडे कडक तळाचा बूट घालून टाचेवर चालावं लागलं, स्कूटर बंद. संध्याकाळची सूज जायला जवळपास वर्ष गेलं. दुखणं गेलं, अंगठा जरा ताठ राहिला. काहींचा पुन्हा कलतो, हे आधीच विचारून घ्या.

आईंना मधुमेह असेल तर भोवरीवरच्या औषधी पट्ट्या आणि ब्लेडने खरवडणं आजपासून बंद. आणि सांधा रातोरात लाल, गरम होऊन ठणकला तर तो गाउटही (युरिक ॲसिडमुळे होणारा संधिवात) असू शकतो. तेव्हा चपला बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

माझा डावा पाय उजव्यापेक्षा जास्त वाकडा दिसतो. दुखत नाही, म्हणून त्याला हात लावलेला नाही.